४५ दिवसांचे येणे

आज खंडेनवमी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथला झेंडूचे हार चढतील, भट्टीपुढे नारळ फुटतील. शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिने घडवता घडवता हे शहर ओतकामात पारंगत झाले. आता मोटारी-ट्रॅक्टरांचे सुटे भाग इथून देशभर जातात.

राष्ट्रीय उत्पन्नात सुमारे ३० टक्के, निर्यातीत जवळपास ४५ टक्के वाटा, शेतीखालोखाल रोजगार. लघुउद्योगांचे हे कौतुक प्रत्येक मंत्री तोंडपाठ म्हणतो. कारखानदाराला विचारा, तो उधारीबद्दल बोलेल. भंगार आणि कच्चे लोखंड रोखीने घ्यायचे, वीजबिल तारखेला भरायचे, पगार सातला. माल गेला की जीएसटीही पुढच्या महिन्यात भरायचा, मग बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत. आणि ते येतात तीन-चार महिन्यांनी. तोवर बँकेच्या कॅश क्रेडिटचे व्याज त्याच्याच माथी. म्हणजे मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज कोण देतो? वीस कामगारांचा हा कारखाना!

कायदा नाही असे नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दादही मागता येते. पण ज्याच्याकडून वर्षाची निम्मी ऑर्डर येते, त्याच्यावर तक्रार कोण करणार? तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात. म्हणूनच २०२४ च्या एप्रिलपासून लागू झालेली प्राप्तिकरातली तरतूद आम्हाला अधिक शहाणपणाची वाटते: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. इथे छोट्याला तोंड उघडावे लागत नाही. त्यावरही मोठ्यांनी कुरकुर केलीच. मध्यम उद्योग मात्र या दोन्ही संरक्षणांच्या बाहेर आहेत; वाढण्याची ही शिक्षा का, याचे उत्तर सरकारने द्यावे.

नवी अनुदाने, नवी पोर्टले नंतर पाहू. आधी सरकारी कंपन्यांनी आणि महामंडळांनी स्वतःची थकलेली बिले जाहीर करावीत, म्हणजे खासगी कंपन्यांना बोलण्याचा अधिकार त्यांना राहील. दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे, गाळ्यागाळ्यांत बोनस द्यायचा आहे. मोठ्या कंपन्यांच्या लेखा विभागांनी मुदत उलटलेली बिले त्याआधी चुकती करावीत.