आधी प्रश्न ओळखा!

एमबीए सीईटीत २०० प्रश्न, वेळ १५० मिनिटं. त्यातले ७५ लॉजिकल रीझनिंगचे. एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. म्हणून दिसला प्रश्न की आपण भिडतो! जरा थांबा. तो नेमकं काय विचारतोय, ते आधी बघा.

समजा, विधान आहे: 'परीक्षेच्या फॉर्मची नोटीस बोर्डावर लावा.' खाली पर्याय: 'विद्यार्थी बोर्ड वाचतात.' प्रश्न गृहीतकाचा असेल, तर हे बरोबर. कुणी वाचतच नसेल तर नोटीस लावायची कशाला? पण निष्कर्ष विचारला असेल, तर हाच पर्याय चूक, कारण विधानातून ते सिद्ध होत नाही. (आपल्या कॉलेजचा बोर्ड आठवा, लगेच पटेल!) वाक्य तेच, उत्तर उलटं. हुशार पोरंही फसतात ती इथेच.

सिलॉजिझम दिसला की सरळ वेन आकृती काढा. बैठक व्यवस्थेचा लांबलचक सेट मात्र आधी नुसता वाचा. सुरुवात करायला एकही पक्की अट सापडली नाही, तर तो शेवटाला ठेवा. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे उरलेल्या प्रश्नांवर क्लिक करायला शेवटची दोन मिनिटं राखून ठेवा.