काजूच्या बागेतून सेकंड शिफ्टला

मार्च 2022 मध्ये चाकणच्या मर्सिडीज कारखान्यात बिबट्या शिरला. काम थांबलं, वन विभाग धावला, बेशुद्ध करून त्याला पकडलं आणि चॅनलवाल्यांची चंगळ झाली. रानातला धोका कळायला आपल्याला निदान बिबट्याएवढा लागतो. गोचिडीचं फुटेज कोण दाखवणार?

शिमग्याला पिंपरीच्या वल्लभनगर आगारातून कोकणच्या गाड्या भरभरून जातात. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा कामगार घरी गेला की पालखी नाचवतो, तशी घरच्यांबरोबर काजूची बीही गोळा करतो. नेमका हाच गोचिडीतून येणाऱ्या माकडतापाचा हंगाम, साधारण जानेवारी ते मे. 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरीत काजूच्या बागांत राबणाऱ्यांना तो झाला. 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात आला. माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात पसरतात. त्यातली एखादी चावली, तर ताप येतो तीन ते आठ दिवसांनी. तोवर गडी भोसरीत सेकंड शिफ्टला हजर!

मग एकाएकी सणसणून ताप, डोकं ठणकतंय, अंग मोडून आलंय. रक्तात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरलेल्या. म्हणजे डेंग्यूच. तो निगेटिव्ह आला, तर केसपेपरवर ‘व्हायरल’. काहींचा ताप जातो, खाडे नकोत म्हणून माणूस कामावर जातो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप उलटतो. या खेपेला मान धरते, हात थरथरतात, भ्रम होतो. शंभरातले तीन ते पाच दगावतात. विषाणूवर खास औषध नाही. वेळेत भरती, सलाइन आणि रक्तस्रावावर नजर, एवढंच हाती. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, तेव्हा रूमवरच्या पोरांनी गाशा गुंडाळायचं कारण नाही.

शिमोग्यातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 मध्ये हा विषाणू शोधला तो पुण्याच्याच संस्थेने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही). भोसरीहून फार तर तासा-दीड तासाची वाट. पण नमुना तिथवर जायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते. ‘गावी गेला होतास? रानात फिरलास? माकडं मेलेली दिसली?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट पुरतं. कंपनीच्या मेडिकल फॉर्मवर तंबाखूपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळ्याला रकाना असतो. रजेवरून परतलेल्यासाठी आणखी एक छापायला काय हरकत आहे?

कंत्राटी कामगाराला तर रजेचा अर्जही नाही आणि फॉर्मही नाही. त्याने गावी रानात जाऊन आल्याचं ओपीडीत आपणहून सांगावं, डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता.