अडुसष्ट लिंगांचे नगर आणि वारशाची राखण

मकर संक्रांतीच्या काळात सोलापुरात सात नंदीध्वज निघतात. बाराव्या शतकातील शिवयोगी श्री सिद्धरामेश्वरांनी स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो आणि तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. ही लिंगे एका आवारात नाहीत, ती सोलापूरभर पेठापेठांतून, गल्लीबोळांतून विखुरलेली आहेत. साऱ्या नगरालाच तीर्थक्षेत्र करणारी ही रचना जगाच्या पाठीवर अन्यत्र विरळाच. ‘वारसा परिसर’ हा शब्द नगररचनेच्या परिभाषेत येण्यापूर्वी कित्येक शतके सोलापूरकर तो दरवर्षी पायी चालून जपत आले आहेत.

परंतु कायद्याची दृष्टी या प्रदक्षिणेपर्यंत पोहोचत नाही. भुईकोट किल्ला पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. 1958 च्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगीचे बंधन आहे. मात्र हे कवच मोजक्याच वास्तूंना लाभते. पेठेतील वाडा, लहानसे शिवालय, विणकरांच्या पूर्व भागातील माग आणि घर यांची एकत्र जुळणी, बंद गिरण्यांचे उरलेसुरले दगडी बांधकाम यांची राखण करावी कोणी? 1877 साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांनी या नगराचा चेहरामोहराच घडविला. त्या श्रमसंस्कृतीच्या खुणा मात्र एकेक करून पुसल्या जात आहेत.

येथे महापालिकेचे दायित्व सुरू होते. राज्यात 2020 साली लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसावास्तूंसाठी तरतुदी आहेत. वास्तूंची यादी करावी, त्यांची श्रेणी ठरवावी आणि बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला तो अन्यत्र विकता यावा, अशी ही व्यवस्था आहे. जमिनीला सोन्याचा भाव असलेल्या मुंबईत या हक्काला गिऱ्हाईक मिळते. जेथे जमीन स्वस्त, तेथे मात्र तो कागदच ठरण्याचा धोका असतो. मग यादीत नाव येणे हा मालकाला सन्मान न वाटता शिक्षा वाटू लागते. तुटपुंजे भाडे, भावाभावांतील वाटण्या आणि गळके छप्पर यांत अडकलेल्या कुटुंबाला केवळ संस्कृतीचे उपदेश ऐकविणे हा अन्याय होय. घरपट्टीत भरीव सवलत, दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज आणि जुन्या बांधणीचे ज्ञान असलेल्या गवंडी-सुतारांची उपलब्धता, एवढे तरी पालिकेने द्यावयास हवे. इच्छा असेल तर हे अशक्य नाही. चीनमध्ये रुग्णसेवा करीत देह ठेवणारे सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे घर महापालिकेनेच स्मारकरूपाने जपले आहे.

तथापि सारा दोष शासनाच्या माथी मारून समाजाला मोकळे होता येणार नाही. जीर्णोद्धार हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार करणे हा त्याचा अर्थ, जीर्णाचा उच्छेद करणे हा नव्हे. आज मात्र जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या पाषाणावर तैलरंग चढतो, कोरीव खांबांना चकचकीत फरशा चिकटविल्या जातात आणि जुने शिळाखंड आवाराबाहेर टाकले जातात. हे परकीय आक्रमक करीत नाहीत, श्रद्धाळू विश्वस्त आणि उदार देणगीदारच करतात. मूर्तिभंजनाच्या इतिहासाचे दुःख बाळगणाऱ्या समाजाने स्वतःच्या हातून होणारा हा नाश पाहू नये, हे विपरीतच म्हणावे लागेल. चुन्याच्या सांध्यात सिमेंट भरल्यास ओल आत कोंडते आणि दगड झिजू लागतो, एवढे साधे ज्ञान प्रत्येक देवस्थान समितीला असले पाहिजे.

राज्यघटनेच्या 51(क) या अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे जतन हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. सोलापूरला कर्तव्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. 1930 मध्ये मार्शल लॉ सोसलेले आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे देशाला देणारे हे नगर आहे.

म्हणून आरंभ अडुसष्ट लिंगांपासूनच व्हावा. प्रत्येक पेठेतील कार्यकर्त्यांनी व महाविद्यालयीन तरुणांनी आपल्या भागातील लिंगस्थान आणि त्याभोवतालच्या जुन्या वास्तू यांची छायाचित्रांसह नोंद करावी आणि मालकांचे म्हणणे ऐकून तेही नोंदवावे. हा संपूर्ण मार्ग एक वारसा परिसर म्हणून घोषित करण्याची मागणी त्या नोंदीच्या आधारे महापालिकेपुढे ठेवावी. नंदीध्वज खांद्यावर पेलणाऱ्या समाजाला ही नोंदवही जड होण्याचे कारण नाही.