श्रमवेदनेला गुग्गुळ कशासाठी?

२१ जूनचा योगदिन पार पडला की पुढील तीन-चार दिवस सोलापुरातील चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत एकाच तक्रारीची माणसे येऊ लागतात. वर्षानुवर्षे आसने सोडून दिलेली मंडळी त्या सकाळी उत्साहाने बारा-बारा सूर्यनमस्कार घालतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरतात. रथसप्तमीनंतरही असेच घडते. अशा रुग्णाच्या हाती आपण काय देतो? योगराज गुग्गुळाच्या गोळ्या, महारास्नादि काढा आणि कापराचा उग्र वास असलेल्या तेलाची बाटली. यांतील बहुतेकांना यांपैकी कशाचीच आवश्यकता नसते, आणि गुग्गुळाची तर मुळीच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही वेदना आमाची नव्हे, श्रमाची आहे. सवय सुटलेला स्नायू भार पेलत असतानाच लांबत जातो, उदाहरणार्थ नमस्कारात शरीर सावकाश जमिनीकडे नेताना, तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि आठवड्याभरात आपोआप ओसरते. लॅक्टिक आम्ल साचल्याने दुखते, असे आपल्यातील काही जण अजूनही रुग्णाला सांगतात. ते आम्ल व्यायामानंतर साधारण तासाभरातच निवळलेले असते. तेव्हा चौथ्या दिवशी गोळीला मिळणारे श्रेय बहुधा काळाचे असते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केला आहे. त्यातील अंगमर्दप्रशमन गणात शालपर्णी, पृश्निपर्णी, बृहती, कंटकारी, एरंड, काकोली, चंदन, उशीर, एला व ज्येष्ठमध ही दहा द्रव्ये आहेत. श्रमहर गणात तर द्राक्षा, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, फल्गु, परूषक, ऊस, यव आणि साठेसाळ! दोन्ही गणांत गुग्गुळ नाही. दुसरा गण औषधालयापेक्षा मंडईची यादी वाटावा असा आहे, आणि तीही आपल्याच मंडईची. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून येथेच आहे. द्राक्षे, बोरे आणि ऊस यांची जिल्ह्यात वाण नाही. मूठभर भिजवलेल्या मनुका आणि डाळिंबाचा रस सांगण्यास आपल्याला संकोच का वाटावा? (मधुमेह्याचा विचार वेगळा, हे सुज्ञांस सांगणे न लगे.)

गुग्गुळाबाबत आग्रह धरण्यास आणखी एक कारण आहे. राजस्थान व कच्छच्या शुष्क प्रदेशातील हे झुडूप आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहे. अधिक निर्यासाच्या लोभाने खोल चिरा घातल्या की झाड वाळून जाते. आठ दिवसांत आपसूक थांबणाऱ्या दुखण्यावर आपण तो निर्यास खर्चीत राहिलो, तर संधिवाताच्या व मेदोरोगाच्या रुग्णाला उद्या काय देणार?

दुकानदार बंधू म्हणतील, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचे काय? मुळीच नाही. वाग्भटांनी व्यायामानंतर सर्वांगास सुखकर मर्दन सांगितलेच आहे. साधे तिळाचे तेल कोमट करून लावावे, नंतर ऊन पाण्याने स्नान करावे. आपल्याकडे करडईचे तेल घरोघरी असते, पण चरकांनी स्थावर स्नेहांत तिळाचे तेल श्रेष्ठ आणि कुसुंभाचे सर्वांत अहितकर मानले आहे. तिळाच्या तेलाची विक्री हीसुद्धा विक्रीच आहे.

खरी चिकित्सा मात्र योगदिनाच्या आधीची आहे. बलवान व स्निग्धभोजी माणसानेही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, तोही शीतकाळी व वसंतात. इतर ऋतूंत त्याहून मंद. २१ जून म्हणजे आदानकाळाचा शेवट, शरीरबल क्षीण असण्याचा काळ. त्यात सोलापूरचा उन्हाळा नुकताच सोसलेला. कपाळावर व काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली की थांबावे, एवढे मे महिन्यातच प्रत्येक रुग्णाला सांगता येईल. चार नमस्कारांनी आरंभ करून दर आठवड्यास दोन वाढविणाऱ्याला पुढील खेपेस फारसे दुखतही नाही, कारण एकदा ताण सोसलेला स्नायू तोच ताण पुन्हा सहज पेलतो.

तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. ज्वर आहे काय? पावसाळ्याच्या तोंडावर अंगमर्द हे ज्वराचे पूर्वरूपही असते, आणि नवज्वरात अभ्यंग निषिद्ध आहे. सांधे सुजून सकाळी आखडतात काय? तसे असल्यास ती आमाची शंका समजून तेल लावू नये. आणि मूत्राचा रंग कोऱ्या चहासारखा झाला आहे काय? तसे असून स्नायू सुजले असतील, हातापायांत बळ उरले नसेल, तर स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर विघटित होऊन वृक्कांना धोका संभवतो. असा रुग्ण, विशेषतः कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणारा, त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा.