चिठ्ठीवरचे ‘बीडी’ आणि बिस्किटातले ‘बिस’ एकाच घरातले! पण पेशंटला ते कळणार कसे?

बीडी, टीडीएस, एसओएस, एचएस... डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे ही अक्षरे हमखास दिसतात. टीडीएस म्हटले की पगारदाराला इन्कम टॅक्स आठवतो. चिठ्ठीवर मात्र त्याचा अर्थ ‘दिवसातून तीनदा घ्यावे’.

ही सगळी लॅटिन शब्दांची लघुरूपे आहेत. बीडी म्हणजे ‘बिस इन दिए’, दिवसातून दोनदा. हा ‘बिस’ संस्कृतमधल्या ‘द्विः’चा दूरचा भाऊ. बिस्किट म्हणजे मुळात दोनदा भाजलेले. बायसिकलमधला ‘बाय’ हा उपसर्गही याच कुळातला. इंग्रजीत या ‘बाय’ने घोळही घातला आहे. ‘बायमंथली’ म्हणजे महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा? डिक्शनरीत दोन्ही अर्थ सापडतात. त्यापेक्षा आपले ‘पाक्षिक’ आणि ‘द्वैमासिक’ बरे.

मासिकाच्या बाबतीत घोळ चालून जातो, औषधाच्या बाबतीत नाही. बीडी लिहिलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्यांत साधारण बारा तासांचे अंतर अपेक्षित असते. ‘दोनदा’ एवढेच कळलेला माणूस एक गोळी नाश्त्यानंतर आणि दुसरी दुपारी जेवून घेतो. एसओएस म्हणजे ‘सि ओपुस सित’, गरज पडली तरच. पण मोबाइलवर एसओएसचे बटण पाहिलेल्याला ते धोक्याचे औषध वाटू शकते. एचएस म्हणजे झोपताना. ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या दवाखान्यात तेच ओडी उजवा डोळाही होते!

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये गोंधळ घालणारी काही लघुरूपे वापरू नका, अशी यादीच काढली. ‘रोज एकदा’साठीचे ‘क्यूडी’ त्यात आहे. भारतात २०१६ च्या नियमाने औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायला सांगितले. मग वेळ तेवढी लॅटिनमध्ये का? डॉक्टर आणि केमिस्टला ही भाषा सोयीची आहे हे खरे, पण गोळी गिळणारा तिसराच असतो.

अनेक डॉक्टर आता १-०-१ लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे आजीलाही समजते. त्याच्या शेजारी ‘जेवणानंतर’ एवढे मराठीत लिहिले, की केमिस्टला पाकिटावर पेनाने वेगळे काही लिहावे लागत नाही.