जळका वास आणि कुलूपबंद ज्ञान

विजेवर चालणाऱ्या मोटारीत जळका वास येऊ लागला तर चालकाने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे. पक्षाच्या साप्ताहिकात त्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. परंतु या वासाचे मूळ शोधू लागले, की तो प्रश्न गॅरेजमधून अर्थकारणात आणि अर्थकारणातून राजकारणात कसा शिरतो, हे ध्यानात येते.

प्रथम वासाविषयीच. त्याचे सर्वांत सामान्य कारण पुष्कळदा मोटारीबाहेर, भिंतीवरील १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये असते. घरगुती चार्जर सुमारे १५ अँपिअर प्रवाह तासन् तास ओढतो. सॉकेटमधील पितळी पकड सैल झाली, वा तारेचा स्क्रू ढिला राहिला, आणि त्या सांध्याचा रोध केवळ एक दशांश ओहम झाला, तरी तेथे साडेबावीस वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंगच्या कांडीची शक्ती साधारण एवढीच असते. ती कांडी रात्रभर प्लॅस्टिकच्या पेटीत तापत ठेवावी, तसा हा प्रकार आहे. प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे एमसीबी पडत नाही. नियम मोडलेला नसतो, संरक्षण जागेवर असते, तरी आतून जळत असते. अशा वेळी तापलेला प्लग ओढू नये. आधी मुख्य स्विच बंद करावा, आणि सॉकेट व करपलेला प्लग बदलून त्याला पुरेशा जाडीची स्वतंत्र तार व अर्थिंग द्यावे.

दुसरी जागा ब्रेकची. या मोटारीत वेग कमी करताना मोटरच जनित्र बनून वीज परत बॅटरीत भरते, म्हणून घर्षणाचे ब्रेक कमी वापरले जातात. कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि पॅड चकतीला घासत राहतो. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर दोष तेथे आहे. पिना साफ करून वंगण दिले की बहुधा काम भागते. उंदराने कुरतडलेली तार, १२ व्होल्टच्या लहान बॅटरीचे ढिले टर्मिनल, बुडाला चिकटून वितळलेली पिशवी, ही कारणेही गल्लीतला जाणता मेकॅनिक शोधू शकतो. मात्र वास गोडसर, रसायनासारखा असेल, बुडाखालून धूर किंवा फसफस येत असेल, तर निदान करीत बसू नये. माणसांनी उतरून दूर जावे आणि अग्निशमन दलाला कळवावे.

खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. नारिंगी आवरणाच्या तारांत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि तेथील दोषाची नोंद मोटारीच्या संगणकात होते. ती पुरती वाचण्याची प्रणाली बहुधा उत्पादकाच्या आणि त्याच्या अधिकृत केंद्रांच्या हाती असते. कर्जाच्या हप्त्यावर टॅक्सी चालविणाऱ्याला केंद्रात चार दिवस गाडी ठेवणे म्हणजे चार दिवसांची कमाई गमावणे. तो खिडकीची काच खाली करतो आणि वासासह धंदा करतो. याला त्याचा निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव येथे विजेवरच्या स्कूटरने भररस्त्यात पेट घेतला. त्याच सुमारास वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या आगीत बाप-लेकीचा अंत झाला. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले. अमेरिकेत शेवरोले बोल्ट या मोटारीच्या बॅटरीत एकाच घटात दोन दोष एकत्र आल्याने आगी लागल्या; २०२१ पर्यंत सुमारे १,४२,००० मोटारी परत बोलवाव्या लागल्या. तेथे परत बोलावण्यास भाग पाडणारी सार्वजनिक यंत्रणा होती आणि दोष काय, हे ग्राहकांना सांगावे लागले.

उत्पादक म्हणतात, उच्च दाबाची यंत्रणा अकुशल हातांत देणे धोक्याचे आहे. हे म्हणणे खोटे नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा आहे. धोका असेल तर शिक्षण द्यावे. कुलूप लावणे हा त्यावरील उपाय नव्हे. उच्च दाबाचे हातमोजे, विद्युतरोधकतेची तपासणी, पुरवठा तोडल्यावर साठलेली वीज उतरेपर्यंत थांबण्याची शिस्त, यांत आयटीआयच्या विद्यार्थ्याला शिकता न येण्याजोगे काही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये मोटार-दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ मध्ये झाला आणि २०२० मध्ये मतदारांनी तो आणखी व्यापक केला. भारत सरकारनेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि मोटारींचा त्यात समावेश केला. परंतु संकेतस्थळ उघडणे म्हणजे हक्क देणे नव्हे.

या मोटारींवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सोडलेला हा कर जनतेचा आहे. जनतेच्या पैशाने वाढणाऱ्या उद्योगाचे ज्ञान मात्र खाजगी राहावे आणि आगीचा धोका तेवढा सार्वजनिक व्हावा, ही वाटणी समाजवाद्यांना मान्य होता कामा नये. विजेच्या मोटारीला विरोध करण्याचे काही कारण नाही. धूर ओकणाऱ्या शहरांना तिची गरज आहे. विरोध करावयाचा तो या वाटणीला.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दोष-नोंदी वाचण्याची प्रणाली आणि दुरुस्ती-पुस्तिका वाजवी दरात खुल्या कराव्यात. प्रत्येक जिल्ह्यातील आयटीआयमध्ये गॅरेज-कामगारांसाठी सायंकाळचे वर्ग असावेत. प्रत्येक आगीचा तपास स्वतंत्र यंत्रणेने करून अहवाल प्रसिद्ध करावा. आणि चाळीत, सोसायटीत, रिक्षा-टॅक्सीच्या तळावर जाऊन चार्जिंगचे सॉकेट तपासून घेण्याची मोहीम तर कार्यकर्त्यांना कोणत्याही कायद्याची वाट न पाहता या आठवड्यातच सुरू करता येईल. सोबत एक जाणता वायरमन असला, की पुरे.