आधी उडी मारायची नाही

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही केपटाऊनला आपाकडे गेलो होतो. आपल्या रत्नागिरी-रायगडकडची कितीतरी मुस्लिम कुटुंबे तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. निघण्याआधीच आपाचा फोन आला होता : "तू शिक्षिका आहेस, तुझं ऐकेल तो. जरा समजाव." तो म्हणजे आमचा एकोणीस वर्षांचा भाचा. समुद्रात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या 'नॅशनल सी रेस्क्यू इन्स्टिट्यूट' या संस्थेत तो स्वयंसेवक म्हणून दाखल झाला होता. या लोकांना पगार नसतो. आपापली नोकरी-धंदा सांभाळायचा आणि हाक आली की निघायचे. संस्था चालते ती मुख्यतः देणग्यांवर.

आपाची भीती आम्हाला परकी नव्हती. अब्बा जहाजावर होते. रेडिओवर तुफानाची बातमी लागली की अम्मी चुलीसमोर बसून दुआ पुटपुटत राही, तव्यावरची भाकरी करपली तरी तिला कळत नसे. पुन्हा ते दिवस नकोत, एवढेच आपाचे म्हणणे.

समजावण्याआधी बघून तरी घ्यावे म्हणून रविवारी त्याच्याबरोबर फॉल्स बेच्या किनाऱ्यावरच्या ठाण्यावर गेलो. वाटले होते, बोटी लाटांवरून उड्या मारत असतील. पाहतो तर दहा-बारा जण हातात दोरीचा तुकडा घेऊन डोळे मिटून गाठी मारताहेत! अंधारात, गारठलेल्या बोटांनी हीच गाठ मारावी लागते म्हणून. मग वायरलेसचा पाठ. सोळा नंबरच्या चॅनेलवर 'मेडे' तीनदा म्हणायचे, नंतर बोटीचे नाव, ठिकाण, काय झाले, माणसे किती. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही पाचवीत पाढे घेतो, अगदी तसे.

दुपारी रबरी बोट मुद्दाम उलटी केली. बोटीखालून बाहेर यायचे, माणसे मोजायची आणि मागची हवेची पिशवी फुगवून बोट सरळ करायची. पाणी पंधरा-सोळा अंशांचे. काठावर शाल गुंडाळून आम्हीच कुडकुडत होतो. भाचा वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. "खाला, मोजताना मी मलाच धरलं नाही," म्हणाला. त्यांनी पुन्हा बोट उलटली.

बुडणाऱ्याला पाहून आधी उडी मारायची नाही, हे तिथे पक्के केले जाते. मदत बोलवायची, तरंगेल असे काही फेकायचे. वाचवायला गेलेलाच बुडतो, हे आपल्या खाडीकाठच्या गावांनाही ठाऊक आहे. तिथे २०१७ पासून पाण्याजवळच्या खांबांवर गुलाबी बोये टांगले जातात, ते यासाठीच.

ही संस्था उभी राहिली त्यामागे एका बाईची पत्रे आहेत. पॅटी प्राइस यांना पूर्वी इंग्लंडच्या समुद्रात जीवरक्षक बोटीने वाचवले होते. आपल्याकडेही अशी सोय हवी, म्हणून त्या वर्तमानपत्रांना सारख्या लिहीत. १९६६ साली स्टिल बेजवळ वादळात तीन बोटी बुडून १७ मच्छीमार गेले, तेव्हा त्यांनी आणखीच जोर लावला. १९६७ मध्ये काम सुरू झाले, ते जेमतेम पाच मीटरच्या एका रबरी होडीवर. तिचे नाव स्नूपी.

आम्ही तिथे असतानाच एका रात्री जेवताना भाच्याचा फोन वाजला. खडकावर गळ टाकून बसलेल्या दोन भावांपैकी एकाला लाटेने ओढले होते. भाचा शिकाऊ, त्याला बोटीवर जागा नव्हती. त्याला काम मिळाले ते दुसऱ्या भावाला धरून ठेवण्याचे, त्याने पाण्यात शिरू नये म्हणून. तीन तास. बोट रिकामी परतली.

फजरच्या थोडे आधी तो घरी आला. आपा जागीच होती. तिने काही विचारले नाही, अंघोळीचे पाणी काढले. सकाळी चहा ओतताना आम्हाला म्हणाली, "राहू दे. नको समजावूस."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर सातवीत विचारले, पोहता कोणाला येते? ४१ जणांत सहा हात वर झाले, सगळे मुलगेच. आणि वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसते! ती संस्था तिथल्या शाळांतल्या मुलांना चारच गोष्टी शिकवते : श्वास रोखणे, पाण्यात दिशा ओळखणे, तरंगणे आणि पाच मीटर पुढे सरकणे. तूर्त आम्ही कोरड्या जमिनीवर जमेल ते करतो. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन, त्याला दोरी, आणि मैदानावर नेमके फेकण्याचा सराव. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मुलींना पाण्यात शिकवणारी बाई मात्र मिळेना. दोघा पालकांनी तर विषयच काढू नका म्हणून सांगितले. गेल्या आठवड्यात एका मुलीची दादी शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, लहानपणी आम्ही बहिणी भरतीला खाडी पार करायचो. मला कोणी विचारतच नाही."

शुक्रवारी आम्ही तिच्या घरी जाणार आहोत.